पत्रिकेपुरता लॅपटॉप

शैलाचा लॅपटॉप घरात नाही हे मला कळलं, त्याच्या आदल्याच आठवड्यात हर्षालीचं लग्न ठरलं होतं. शैलाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. घरात असं काही झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढं ढकलायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून मंडळींनी वर्षाच्या आतला मुहूर्त धरला. नवरामुलगा किशोर, माणसं चांगली. पेढे वाटून झाले आणि हर्षाली म्हणाली, "बाबा, आता आईनं केलेली पत्रिका काढा."

मी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात फ्लॉपींचा डबा होता. मराठी फॉन्टची सीडी होती. लॅपटॉपच्या पाठीमागं लावायचं काड्यापेटीएवढं कुलूप होतं. हे कुलूप लावल्याशिवाय तो फॉन्ट चालत नसे. चार्जरही होता, वायर गुंडाळून वर रबर लावलेला. फक्त लॅपटॉप नव्हता.

लॅपटॉप म्हणजे काही सुई नव्हे. काळा, जाडजूड, मसाला वाटायच्या पाट्याएवढा वजनदार. तो हरवायला मेहनत लागते. मी माळा बघितला, दिवाण बघितला, धान्याच्या कोठीतही हात घालून बघितला. मग सटाण्याला माझ्या थोरल्या बहिणीला फोन लावला, कारण तेराव्यापर्यंत आमचं घर तिच्या ताब्यात होतं. लंकाआक्का एकदम शांतपणे बोलली.

"तिना जीव व्हता त्यामां, भाऊ. मंग दी टाकं मी दानमां."

म्हणजे तेराव्याला गादी, उशी, छत्री, चपला आणि तांब्याबरोबर आक्कानं लॅपटॉपही गुरुजींना देऊन टाकला होता. गेलेल्या माणसाला जे प्रिय असतं ते दान करावं, म्हणजे त्याला वर पोचतं. शैलाला प्रिय काय, तर आक्कानं आमच्या घरी जेव्हा जेव्हा मुक्काम केला तेव्हा शैला तिला त्या लॅपटॉपसमोरच दिसली. आक्काचा तर्क बरोबर होता. चूक एवढीच झाली की चार्जर खाली राहिला. आता शैलाकडे वर लॅपटॉप आहे आणि चार्जर नाही. आणि त्याची बॅटरी तर हर्षाली कॉलेजात असतानाच गेलेली. हे मी आक्काला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती पुढच्या एसटीनं चार्जर न्यायला आली असती.

तिच्यावर मला रागावता आलं नाही. त्या तेरा दिवसांत घरात कोण आलं, कोण जेवलं, दूध कोणी आणलं, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. सगळं तिनं केलं. मी नुसता खुर्चीत बसून होतो.

आता पत्रिकेचं सांगतो. मी अंबडच्या एका कारखान्यात मशीन शॉपला सुपरवायझर होतो. शैला घरी बसून लग्नपत्रिका तयार करायची. सातपूर, अंबड, सिडको भागातल्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका आमच्या हॉलमध्ये जुळवल्या गेल्या असतील. आमचं आडनाव आहेर. प्रत्येक पत्रिकेच्या तळाला 'कृपया आहेर आणू नयेत' असं टाइप करताना ती मान वळवून माझ्याकडे बघायची. हा विनोद तिनं पंधरा वर्षं न कंटाळता केला.

हर्षाली पाचवीत असताना, एका उन्हाळ्यात कामं कमी होती तेव्हा, शैलानं तिच्या लग्नाची पत्रिका करायला घेतली. हर्षालीनं तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतं. शैलाचं माहेर दिंडोरीकडचं, घरची द्राक्षबाग. म्हणून पत्रिकेच्या कडेनं द्राक्षाचा वेल आणि चारी कोपऱ्यांत घड. तयार चित्र उचलून चिकटवायचं नाही, एकेक मणी वेगळा काढायचा, असा तिचा हट्ट. दर दिवाळीच्या सुट्टीत ती ती पत्रिका उघडायची आणि दोन पानं इकडची तिकडं करायची. नवऱ्यामुलाच्या नावाच्या जागी ठिपके होते. ठिपक्यांची ओळ तिनं मुद्दाम लांब ठेवली होती. एखादं लांबलचक नाव आलं तर वेलाला धक्का लागायला नको.

ती पत्रिका मला पाहिजे होती. दुसरी नको होती. छापखानेवाल्यानं मोबाईलवर तीनशे नमुने दाखवले, काही तर गाणं म्हणणारे होते. हर्षालीही म्हणाली की बाबा, जाऊ द्या, साधी करू. पण 'जाऊ द्या' म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तिथं मी ठरवलं.

आधी कॅनडा कॉर्नरला एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं नव्या लॅपटॉपला बाहेरून फ्लॉपीचं यंत्र जोडलं. डब्यातल्या दोन फ्लॉपींना बुरशी होती. तिसरीवर नावं दिसली: हर्षाली फायनल, हर्षाली फायनल नवी, हर्षाली फायनल खरी. शैलाच. पण उघडल्यावर पडद्यावर नुसत्या मुंग्यांच्या रांगा. तो म्हणाला की ही फाईल त्या जुन्या सॉफ्टवेअरशिवाय उघडणार नाही, सॉफ्टवेअर त्या कुलपाशिवाय चालणार नाही, आणि कुलूप बसायला पाठीमागं प्रिंटरचं जुनं, लांबट, भोकाभोकांचं तोंड पाहिजे. तसं तोंड असलेला लॅपटॉप आता दुकानात मिळत नाही, छंदवाल्यांकडे मिळतो.

मी विचारलं कसला छंद. तो म्हणाला, जुने कॉम्प्युटर जमवायचा. मला वाटलं थट्टा करतोय.

छंदवाल्यांच्या मागं लागण्याआधी एकदा गुरुजींना विचारून बघावं म्हणून नदीकाठी, आमच्या भाषेत गंगेवर, गेलो. गुरुजींनी बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि मी विषय काढताच त्यांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, बरं झालं आलात, त्याचा चार्जर आहे का? मी म्हणालो बघतो. मग कळलं की तो लॅपटॉप त्यांनी महिनाभर बाळगला आणि शेवटी परगावच्या एका यजमानाला देऊन टाकला, गाव आठवत नाही. शिवाय दिलेलं दान परत नेलं तर ते ज्याच्या नावानं दिलं त्याला पोचत नाही, हेही त्यांनी समजावलं. आता शैलाला काय पोचतं आणि काय नाही यावर माझं स्वतःचं काही मत नाही. पण तिच्या हातातून मी काही काढून घेतोय असं मला कोणी म्हणायला नको होतं. मी नमस्कार करून उठलो. पुढच्या खेपेला चार्जरही त्यांना नेऊन दिला. निदान जोडी पूर्ण झाली.

आता दुसरा लॅपटॉप शोधणं आलं. इथं माझ्याकडून एक गोष्ट घडली. मी ही हकीगत बोरसे साहेबांना सांगितली.

देवराम बोरसे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त. त्यांना एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती पाण्याच्या टाकीत टाकणं, संध्याकाळपर्यंत प्रत्येक नळाला येते. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर मजकूर टाकला: 'आपल्या आहेर साहेबांना जुना लॅपटॉप पाहिजे. वय वीस ते पंचवीस. प्रकृती निकोप. पूर्वी उघडलेला नसावा.' खाली हात जोडलेले. तासाभरात लोक यायला लागले. कोणी मागच्या वर्षी बंद पडलेला लॅपटॉप आणला. कोणी टाइपरायटर आणला आणि हा तर आणखी जुना आहे म्हणून समजूत घातली. तळमजल्यावरच्यांनी कॉम्प्युटरची पेटी आणली, तिच्यात चिमणीचं घरटं होतं. ते घरटं आहे असं दिसल्यावर पेटी परत गॅलरीत ठेवायला चौघं लागले. माझा हॉल भंगारच्या गोदामासारखा झाला. पण खरं सांगतो, चार महिन्यांत पहिल्यांदा त्या हॉलमध्ये इतकी माणसं बसली होती आणि कोणीही घसा खाकरून गप्प होत नव्हतं. जो तो बोलत होता. वरच्या मजल्यावरची निकिता पोहे घेऊन आली. मी दोनदा घेतले.

बोरसे साहेबांनीच छंदवाल्यांचा पत्ता काढला. कॉलेज रोडला रविराज नावाचे दाताचे डॉक्टर आहेत, चाळिशीचे. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले, प्रत्येकावर मलमलचं फडकं. दर रविवारी तिथं सात-आठ जण जमतात. बोरसे साहेबांनी मला बजावलं की दुःखाचं काही बोलायचं नाही, गरज दिसली की माणसं अडून बसतात. छंद आहे असंच सांगायचं.

म्हणून मी सांगितलं, मला छंद आहे. त्या लोकांना फार आनंद झाला. मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलीच्या सासरच्यांनी मला जेवढे प्रश्न विचारले नव्हते तेवढे त्यांनी विचारले. तुम्ही कोणत्या काळातलं जमवता. मूळ बॅटरी ठेवता की बदलता. पिवळं पडलेलं प्लास्टिक तसंच ठेवावं या मताचे आहात की उजळावं या मताचे. यावर त्यांच्यात दोन पक्ष असावेत, कारण सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, पिवळं पडलं की आमच्याकडे डॉक्टरला दाखवतात. ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. एकानं माझ्या शर्टाला 'नवा सभासद' असा बिल्ला लावला. छत्तीस वर्षं नोकरी करून, हाताखाली चाळीस माणसं सांभाळून, मी नवा सभासद झालो.

मग त्यांच्यात पद्धत आहे म्हणाले, नव्या माणसानं आपल्या पहिल्या कॉम्प्युटरविषयी पाच मिनिटं बोलायचं. मी उभा राहिलो. मला एकच कॉम्प्युटर माहीत होता. तो काळा होता, त्याची बिजागरी सैल होती म्हणून मागं गव्हाच्या पिठाचा डबा टेकवून ठेवत. ज्या कळा जास्त वापरल्या जात त्यांच्यावरची अक्षरं पुसली गेली होती. ती आंधळेपणानं टाइप करायची आणि मान वळवून... एवढं बोललो आणि बिल्ला चाचपायला लागलो. बोरसे साहेब माझा शर्ट ओढत होते. कोणाच्या तरी हातातला बिस्किटाचा पुडा वाजत होता, तोही थांबला.

रविराज म्हणाले, "काका, छंद नाहीये ना तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही. पत्रिका काढायची आहे."

तेव्हापासून ती माणसं माझ्यासाठी कामाला लागली. लॅपटॉप कसा निवडावा हे त्यांनी मला शिकवलं, आणि ते मी कोणालाही सांगू शकतो. पहिलं म्हणजे झाकण उघडून बिजागरी ऐकायची, तिचा आवाज खरा असतो. दुसरं, फ्लॉपीच्या तोंडाला कान लावायचा. तिसरं, वास घ्यायचा. माशाचा वास आला तर परत ठेवायचा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जुनं मशीन घरी आणल्याबरोबर चालू करायचं नाही. आधी उघडायचं, आतला घड्याळाचा सेल पाझरलाय का बघायचं, मगच वीज द्यायची. रविराजनी हे मला तीनदा सांगितलं. बोरसे साहेबांनाही सांगायला हवं होतं.

इंदूरच्या एका छंदवाल्याकडे हवा तसा लॅपटॉप निघाला. त्यानं तो खासगी बसनं पाठवला. मी आणि बोरसे साहेब पार्सल घ्यायला गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, बिल दाखवा. वस्तू पंचवीस वर्षांची, जिथं घेतली ते दुकान आता मिठाईचं झालंय, बिल कुठून आणणार? मग लिहून द्या, तो म्हणाला. बोरसे साहेबांना लिहून द्यायला फार आवडतं. त्यांनी लिहिलं, 'सदर वस्तू निरुपयोगी असून तिची बाजारात काहीही किंमत नाही.' कारकुनानं वाचलं आणि म्हणाला, निरुपयोगी असेल तर हा कचरा झाला, आमच्या गाडीतून कचरा चालत नाही, परत इंदूरला पाठवावा लागेल. बोरसे साहेबांनी दुसरा कागद घेतला: 'सदर वस्तू उपयोगी आहे.' मग बिल? असं तो परत म्हणाला. तिसऱ्या कागदावर बोरसे साहेबांनी लिहिलं की सदर वस्तू फक्त एका पत्रिकेपुरती उपयोगी आहे. कारकुनानं कुठली पत्रिका विचारलं. मी सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, सातपूरच्या शैलाकाकू का? माझी पत्रिका त्यांनीच केली होती, सासऱ्यांचं नाव चुकलं तर रात्रीतून दुरुस्त करून दिली होती. त्यानं पार्सल खिडकीतून बाहेर ढकललं, तिन्ही कागद परत दिले, आणि पुढच्या माणसाला बिल मागितलं.

शैलाला हे सांगावंसं वाटलं. असं दिवसातून चारदा वाटतं, हे पाचवं.

घरी आल्यावर मी हातपाय धुवायला आत गेलो. बोरसे साहेबांनी खोकं उघडलं. बँकेतला माणूस, प्लग दिसला की खात्री करून घ्यायची सवय. फट असा आवाज झाला, मग वास आला, मग धूर आला. निकितानं वरून विचारलं की काका, काही करपलं का? बोरसे साहेब भिंतीला टेकून उभे होते आणि म्हणत होते की मी फक्त लावून बघितलं. संध्याकाळी रविराज येऊन गेले. दात बघायचा छोटा आरसा घालून त्यांनी मशीनच्या आत पाहिलं. म्हणाले, कीड लागलेलीच होती, साहेबांनी फक्त शेवट जवळ आणला. बोरसे साहेब दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पुरणपोळ्या आल्या. सण नव्हता.

दुसरं मशीन देवळाली कॅम्पात निघालं, एका निवृत्त सुभेदारांकडे. फोनवर ते म्हणाले, एकदम नवं ठेवलंय, येऊन इन्स्पेक्शन करा. गेलो. त्यांनी चहा दिला आणि आतून लॅपटॉप आणला, दोन्ही हातांवर, हिरव्या कापडात. मी आयुष्यात इतका चकचकीत लॅपटॉप पाहिलेला नाही. स्क्रूसुद्धा घासूनपुसून पितळी बिल्ल्यासारखे चमकत होते. बिजागरी ऐकली, छान. वास घेतला, पॉलिशचा. फ्लॉपीच्या तोंडाला कान लावायला गेलो तर तोंड सापडेना. पाठीमागं फिरवलं, प्रिंटरचं तोंडही सापडेना. सुभेदारसाहेब अभिमानानं म्हणाले, धूळ जाऊ नये म्हणून सगळी भोकं एम-सीलनं बुजवून टाकलीत. वरून काळा रंगही मारला होता, ओळखू येत नव्हतं. इतक्या मेहनतीनं केलेल्या कामाला काय म्हणावं? मी म्हणालो, फारच चांगलं ठेवलंत. ते म्हणाले, घेऊन जा, आहेर साहेब, मुलीच्या लग्नाला माझ्याकडून. घेणं शक्य नव्हतं आणि नको म्हणणंही शक्य नव्हतं. तो लॅपटॉप आज माझ्या शोकेसमध्ये आहे. येणारे जाणारे त्याचं कौतुक करतात.

मुहूर्ताला दीड महिना उरला. छापखानेवाला रोज फोन करू लागला. पहिली पत्रिका गडावर देवीपुढं ठेवायची, मग बाकीच्या वाटायच्या. ती न्यायला आक्का येऊन बसली होती आणि पत्रिका कुठं आहे असं रोज विचारत होती. हर्षाली काही विचारत नव्हती.

तेव्हा रविराजनी मालेगावचं नाव काढलं. छंदवाल्यांमध्ये मालेगावच्या त्या मशीनचं नाव जंगलातल्या वाघासारखं घेतात. बाकी सगळ्यांकडची मशीनं फडक्याखाली झाकलेली. हे एकच रोज कामावर जाणारं. रियाज अन्सारींचा यंत्रमागाचा कारखाना आहे. लुगड्यांच्या किनारीची नक्षी ते अजून त्याच जुन्या लॅपटॉपवर काढतात, कारण ती नक्षी दुसरीकडे उघडत नाही. रविराज तीनदा विकत मागायला गेले होते आणि तीनदा बिर्याणी खाऊन परत आले होते. मशीन मिळालं नव्हतं.

आम्ही रविराजच्या गाडीतून गेलो. वाटेत त्यांनी मला समजावलं की आल्या आल्या विषय काढायचा नाही, आधी मशीनचं कौतुक करायचं. कारखान्यात शिरलो तर माग धडधडत होते. ज्यानं तो आवाज ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. रियाजभाई साठीचे, पांढरी दाढी, कानात कापूस. रविराज त्यांच्या कानात ओरडून कौतुक करायला लागले आणि त्यांनी हातानंच सांगितलं, बेचना नहीं है. चौथी खेप वाया जाणार असं दिसलं. मी पुढं झालो. हळू बोलायची गोष्ट होती, पण हळू बोलून ऐकू जाणार नव्हती. म्हणून जेवढा आवाज होता तेवढा काढून ओरडलो.

"माझी बायको वारली. मुलीची पत्रिका तिनं करून ठेवलीय. ती उघडायची आहे."

एवढ्या मोठ्यानं हे मी तोपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. बहुतेक हळू आवाजातही नव्हतं सांगितलं. लोकांना आधीच माहीत असायचं.

रियाजभाईंनी मागच्या माणसाला खूण केली. त्यानं खटका ओढला. सगळे माग एकेक करत थांबले. मला तर कानात बोळे घातल्यासारखं झालं.

रियाजभाई म्हणाले, "मशीन जाएगी नहीं, भाई. मेरा पूरा काम इसमें है. तुम यहीं बैठ के करो."

रविराजनी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं की आमचं सॉफ्टवेअर घालताना तुमच्या नक्षीला काही झालं तर सांगता येत नाही. ती माणसाची रोजीरोटी होती. रियाजभाईंनी थोडा विचार केला, दाढीवरून हात फिरवला. "लडकी की शादी का काम है. डालो."

सीडी घातली. पाठीमागं कुलूप लावलं, ते टक्कन बसलं. फ्लॉपी आत सरकवली तशी खर्र खर्र करायला लागली. रविराज डोळे मिटून तो आवाज ऐकत होते, आरती ऐकावी तसे. मशीननं तारीख विचारली. त्याला अजून एकोणीसशे ऐंशी चालू आहे असं वाटत होतं. मग पडद्यावर आधी एक कोपरा आला. द्राक्षाचा घड. मग वेल, पान पान करत खाली उतरत गेला. रियाजभाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही, आणि वेलाच्या कडेकडेनं फिरवलं.

"ये तो बुनी जा सकती है," ते म्हणाले. "किसने बनाई?"

मी म्हणालो, "तिनंच."

"हाथ अच्छा है," ते म्हणाले.

आहे म्हणाले. होता म्हणाले नाहीत. मी त्यांचा फार आभारी आहे.

ठिपक्यांच्या जागी किशोररावांचं नाव मी दोन बोटांनी टाइप केलं. त्यांचं पूर्ण नाव टाकूनही जागा उरली. तारीख टाकली. मंगल कार्यालयाचं नाव टाकलं. रियाजभाईंच्या जुन्या प्रिंटरवर नमुना काढला. तो करकर करत ओळ ओळ बाहेर येत होता आणि मागाची माणसं भोवती जमली होती. रविराजनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत नीट वाचला. तळाशी ते थांबले. तिथं शैलानं केव्हाच आमची नावं टाकून ठेवली होती. आपले विनीत, श्री. गोरक्ष व सौ. शैला आहेर.

ते हळूच म्हणाले, "काका, इथं सौ.च्या आधी कै. घालावं लागेल. आत्ताच घालू या का? एकच शब्द आहे."

मी म्हणालो, चहा गार होतोय.

रियाजभाईंच्या नक्षीला काही झालं नाही, हे त्यांनी माझ्यासमोर एक एक किनार उघडून बघितलं. मग माग परत सुरू झाले आणि बोलणं बंद झालं. बिर्याणी झाली. निघताना त्यांनी सांगितलं की शुक्रवारी कारखाना बंद असतो, तो सोडून कधीही या.

घरी आक्कानं नमुना हातात घेतला. तिला वाचता येत नाही. ती घडावरून बोट फिरवत राहिली आणि म्हणाली, "ह्या तिना बापना मळाना द्राक्ष शेत." मग आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी नव्हती. बोरसे साहेबांनी नमुन्यात दोन चुका आहेत असं सांगितलं, परत वाचलं, आणि नाहीत म्हणाले. रविवारी छंदवाले येऊन गेले. त्यांनी माझा बिल्ला बदलून दिला, आता नुसतं 'सभासद' आहे. सुभेदारांनी फोन करून विचारलं की आमचं मशीन कामाला आलं ना? मी हो म्हणालो.

हर्षालीनं नमुना उशिरा वाचला, सगळे गेल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून. शेवटच्या ओळीशी तीही थांबली.

"तुम्ही घालाल ना, बाबा?" ती म्हणाली. "मला नाही जमणार."

मी घालतो म्हणालो.

तेव्हापासून दोनदा मालेगावला जायचं ठरलं आणि दोनदा मी काहीतरी कारण काढलं. रविराज गाडी घेऊन तयार आहेत. छापखाना थांबलाय. गडावर जायला आक्का पिशवी भरून बसली आहे. पत्रिकेत आता सगळं आहे. शैलाच्या नावाआधी कै. घालायचं तेवढं राहिलं आहे.